शोधणाऱ्याचे नाव लागते, सांभाळणाऱ्याचे राहून जाते: सायबरसुरक्षा सन्मानांचे परीक्षण

पुरस्कार हीसुद्धा एक सेवा असते. ती कोणीतरी चालवत असते, तिचा अर्ज असतो, नियम असतात, निवडीची पद्धत असते, आणि सगळे सोपस्कार पार पडल्यावर ज्याच्यासाठी ती उभी केली त्याच्या पदरात काहीतरी पडते किंवा पडत नाही. शाळा, ग्रंथालये, छोटी रुग्णालये, सहकारी संस्था आणि नगर प्रशासन यांच्या आसपास राहून सायबरसुरक्षेचे काम विनामोबदला करणाऱ्या माणसांचा सन्मान करण्यासाठी आज ज्या व्यवस्था उपलब्ध आहेत, त्यांचे परीक्षण याच दृष्टीने व्हावे असे मला बरेच दिवस वाटत होते. एका स्वयंसेवी गटाच्या निवड समितीवर काम करताना अशा अनेक व्यवस्थांचे नियम बारकाईने वाचावे लागले आणि त्यांतल्या काही प्रत्यक्ष वापरताही आल्या. माझे मत आधीच सांगते. बहुतेक व्यवस्था त्रुटी शोधणाऱ्याला ओळखतात. ती त्रुटी शांतपणे ऐकून घेणारा, दुरुस्त करणारा, दुरुस्ती तपासून पाहणारा आणि मुळात लोकांना फसण्यापासून वाचवणारा माणूस त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. यांतले बरेच जण ज्या एका व्यवस्थेत मावतात, तिच्याकडे पुरस्कार म्हणून कोणी पाहतही नाही.

या क्षेत्रात सन्मानाला इतर क्षेत्रांपेक्षा अधिक वजन आहे आणि त्याची कारणे दोन आहेत. काम उत्तम झाले तर काहीच घडत नाही, हे पहिले कारण. चोरीला न गेलेली माहिती, न उघडलेला बनावट दुवा, वेळेवर बसवलेला पॅच (सॉफ्टवेअरमधील दुरुस्ती) यांची बातमी होत नाही आणि त्यांचा हिशेबही कोणी मांडत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. दुसऱ्याच्या संगणकप्रणालीतील त्रुटी निदर्शनास आणून देणारा माणूस पूर्ण सद्भावनेने वागला तरी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. संस्थेने त्याचे जाहीर आभार मानले, की त्या एका कृतीने तो संशयिताच्या जागेवरून उठून सहकाऱ्याच्या जागेवर येतो. त्यामुळे इथे सन्मानाला संरक्षणाचेही मोल असते.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये जे घडले, ते पुरस्काराच्या प्रत्येक आयोजकाने मुळातून वाचावे असे आहे. ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ या दैनिकाच्या एका वार्ताहराच्या लक्षात आले, की राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर शिक्षकांची पात्रता पडताळण्याची जी सोय होती, तिच्या पानांच्या एचटीएमएल मजकुरात, म्हणजे पानामागच्या सांकेतिक मजकुरात, शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत ओळखीसाठी वापरले जाणारे खासगी सरकारी क्रमांक) होते आणि पान उघडणाऱ्या कोणाच्याही ब्राउझरपर्यंत ते पोहोचत होते. दैनिकाने आधी विभागाला कळवले, ती सोय बंद होईपर्यंत बातमी रोखून धरली आणि मगच छापली. जबाबदारीने वागण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण आहे. तरीही गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या वार्ताहराला हॅकर ठरवले आणि खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवण्यास नकार दिला, तेव्हा हे प्रकरण मिटले. या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील नंतर उघड झालेल्या सरकारी पत्रव्यवहारातला आहे. विभागाच्या निवेदनाच्या सुरुवातीच्या मसुद्यात, ही बाब लक्षात आणून दिल्याबद्दल माध्यम प्रतिनिधीचे आभार मानणारे एक वाक्य तयार होते. ते प्रसिद्ध झालेच नाही. एक पैसाही खर्च न होता दिला जाऊ शकणारा सन्मान मसुद्यातच कापला गेला आणि त्याच्या जागी धमकी छापून आली. पुढच्या वेळी एखाद्या सामान्य नागरिकाला अशीच उघडी पडलेली माहिती दिसली तर तो कळवण्याच्या भानगडीत पडेल का, हा प्रश्न त्या राज्यापुरता राहत नाही.

नेदरलँड्सने नेमकी उलट वाट धरली. तेथील राष्ट्रीय सायबरसुरक्षा केंद्राने २०१३ मध्ये त्रुटी जबाबदारीने कळवण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कळवणाऱ्याने काय करू नये, संस्थेने काय करावे आणि त्रुटी जाहीर करण्यापूर्वी दुरुस्तीसाठी साधारण किती मुदत असावी, हे त्यांत लिहिलेले आहे: सॉफ्टवेअरसाठी ६० दिवस, हार्डवेअरसाठी सहा महिने. सरकारी प्रणालीतील खरी त्रुटी कळवणाऱ्याला हे केंद्र एक टी-शर्ट पाठवते आणि त्यावर इंग्रजीत अशा अर्थाचे वाक्य असते, की मी डच सरकार हॅक केले आणि त्याबद्दल मला मिळाला तो हा एवढा भिकार टी-शर्ट. परीक्षक म्हणून मी या टी-शर्टला फार वरचे स्थान देईन. त्यासाठी समारंभ लागत नाही, वर्षभर वाट पाहावी लागत नाही, अर्जावर कोणाची शिफारस लागत नाही. सरकारनेच छापलेल्या कपड्यावर सरकार हॅक केल्याचे विधान आहे, याचा अर्थ ज्या कृतीमुळे अन्यत्र पोलीस दारात येऊ शकतात ती कृती इथे, ठरलेल्या नियमांत राहून केली असेल तर, शासनाने उघडपणे स्वीकारली आहे. तो घालून एखादी तरुण मुलगी महाविद्यालयात जाते तेव्हा तिच्या मित्रमैत्रिणींना जो निरोप पोहोचतो, तो कोणत्याही परिपत्रकाने पोहोचणार नाही. मर्यादा एवढीच, की टी-शर्ट शोधणाऱ्याला मिळतो. तो अहवाल वाचून योग्य खात्याकडे पोहोचवणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी बसून दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी असे काही असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

बग बाउंटी, म्हणजे त्रुटी शोधणाऱ्याला बक्षीस देण्याच्या योजना, चालवणाऱ्या व्यावसायिक मंचांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि स्थानिक कामाशी त्यांचा संबंध बेताचाच आहे. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये आपल्या ब्राउझरमधील त्रुटींसाठी बक्षिसे जाहीर केली तेव्हापासून ही कल्पना रूढ आहे आणि हॅकरवनसारख्या मंचांनी तिला गुणांची जोड दिली आहे: खरा ठरलेला अहवाल गुण वाढवतो, निराधार किंवा कचरा अहवाल गुण कापतो. नोकरी शोधणाऱ्या नवशिक्याला हे गुण उपयोगी पडतात, यात शंका नाही. पण पैसा आणि गुण यांच्यामागे गर्दी येते आणि तिला आवरण्याचे काम शेवटी एखाद्या छोट्या चमूवर पडते. जगभरातल्या असंख्य उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘कर्ल’ या, इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या साधनाच्या मुक्त स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाने २०१९ पासून रोख बक्षिसे दिली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या पोकळ अहवालांचा पूर आल्यावर जानेवारी २०२६ अखेर ती बंद केली. एखाद्या शाळेने किंवा नगर प्रशासनाने रोख बक्षीस जाहीर करण्याआधी हा अनुभव जरूर डोळ्यांसमोर ठेवावा, कारण असे अहवाल वाचायला त्यांच्याकडे बहुधा एकच माणूस असतो आणि तोही दुसरे काम सांभाळून हे करत असतो.

रोख रकमेविना सन्मान चालू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या संरक्षण विभागाकडे आहे. २०१६ मधील ‘हॅक द पेंटागॉन’ या पहिल्या मोहिमेत पैसे होते; चौदाशेहून अधिक जणांनी नोंदणी केली, पहिला अहवाल १३ मिनिटांत आला आणि १३८ त्रुटी बक्षिसास पात्र ठरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस विभागाने त्रुटी कळवण्याची कायमस्वरूपी सोय सुरू केली आणि तिच्यात रोख बक्षीस नाही. कळवणाऱ्याला कायदेशीर कारवाईच्या भीतीपासून मोकळीक आणि उल्लेखनीय काम करणाऱ्याला ‘या महिन्यातील संशोधक’ म्हणून जाहीर मान, एवढ्यावर ती उभी आहे. मार्च २०२४ मध्ये या सोयीने पन्नास हजारावा अहवाल नोंदवला. महिन्यातून एकदा एक नाव जाहीर करणे कोणत्याही छोट्या संस्थेला परवडण्यासारखे आहे. या सेवेत मला भावलेली गोष्ट म्हणजे तिचा नेम. वर्षातून एकदा होणारा सोहळा माणसे विसरतात. दर महिन्याला येणारे नाव लक्षात राहते आणि काम केल्यापासून मान मिळेपर्यंतचे अंतर कमी होते.

आता ज्या व्यवस्थेचा सुरुवातीला उल्लेख केला तिच्याकडे येते. सॉफ्टवेअरमधील ज्ञात त्रुटींना एकेक क्रमांक देणारी सीव्हीई ही नोंदवही १९९९ मध्ये ३२१ नोंदींनिशी सुरू झाली आणि आज जगभरातल्या चारशेहून अधिक संस्था तिच्यासाठी क्रमांक देतात. सामान्य वाचकाला त्यातला क्रमांक तेवढा बातमीत दिसतो. पण प्रत्येक नोंदीच्या सध्याच्या रचनेत श्रेय नोंदवण्याचा एक ऐच्छिक रकाना आहे आणि त्या रकान्यात नावासोबत त्या माणसाने नेमके काय केले, हेही लिहिता येते. प्रकार दहा आहेत: त्रुटी शोधणारा, ती कळवणारा, तिचे विश्लेषण करणारा, सर्व पक्षांत समन्वय साधणारा, दुरुस्ती लिहिणारा, त्या दुरुस्तीचे परीक्षण करणारा, दुरुस्ती खरोखर लागू पडते याची खातरजमा करणारा, शोधासाठी वापरलेले साधन, पाठबळ देणारा आणि यांपैकी कशातच न बसणारा. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिच्यावरच थांबले. कामाची इतकी बारकाईने केलेली वाटणी मी एकाही मानपत्रात पाहिलेली नव्हती. शोधणारा आणि कळवणारा यांना वेगळे धरण्यामागे अनुभव आहे, कारण पुष्कळदा ज्याला त्रुटी दिसते त्याला ती कोणाकडे न्यावी हे कळत नाही आणि दुसराच कोणीतरी खटपट करून ती योग्य दारापर्यंत पोहोचवतो. दुरुस्ती तपासणाऱ्याला स्वतंत्र जागा देण्यामागेही तसाच अनुभव आहे, कारण घाईत केलेली अर्धी दुरुस्ती पुन्हा त्याच वाटेने आत शिरू देते आणि हे वेळीच ओळखणारा माणूस अहवालाच्या पहिल्या पानावर कधीच नसतो.

या रकान्याचा उत्तम वापर गिटहब या, सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याच्या मंचाच्या सुरक्षा सूचनांत दिसतो. तिथे प्रकल्पाचा सांभाळ करणारी व्यक्ती एखाद्याला श्रेय देते तेव्हा त्या माणसाकडे तशी सूचना जाते आणि त्याने ते स्वीकारल्यावरच त्याचे नाव सर्वांना दिसू लागते. नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. मला ही एक पायरी संपूर्ण परीक्षणातील सर्वांत शहाणी वाटली. सुरक्षेचे काम करणाऱ्याला प्रसिद्धी हवीच असते, असे गृहीत धरण्याची सवय पुरस्कार देणाऱ्यांना फार आहे. एखाद्या टोळीचे बनावट संकेतस्थळ बंद पाडायला मदत केलेल्या माणसाचे छायाचित्र, पूर्ण नाव आणि नोकरीचे ठिकाण मंचामागच्या पडद्यावर झळकवणे म्हणजे त्या टोळीला पत्ता कळवणे आहे. ऑनलाइन छळाला तोंड देणाऱ्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेविकांच्या बाबतीत हा धोका अधिकच असतो. टोपणनावाने सन्मान स्वीकारण्याची मुभा, छायाचित्र न काढण्याची मुभा, आणि मुळात सन्मान नको म्हणण्याची मुभा, हे तिन्ही पर्याय अर्जाच्या पहिल्याच पानावर असायला हवेत. निकाल लागल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

या व्यवस्थेतील उणिवाही लहान नाहीत. सीव्हीई क्रमांक सर्वसाधारणपणे सॉफ्टवेअर आणि उपकरणे अशा उत्पादनांतील त्रुटींना मिळतो. एखाद्या शाळेने चुकून सर्वांसाठी खुली ठेवलेली विद्यार्थ्यांची यादी, किंवा दवाखान्याच्या राउटरवर कंपनीने दिलेला तसाच राहिलेला पासवर्ड, यांसाठी तिथे जागा नाही, आणि स्थानिक काम बहुतांशी याच स्वरूपाचे असते. श्रेयाचा रकाना ऐच्छिक असल्याने तो पुष्कळदा रिकामाच राहतो. शिवाय ही नोंदवही स्वतःच किती नाजूक धाग्यावर उभी आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये सर्वांना दिसले. ती चालवणाऱ्या माइटर या संस्थेचा सरकारी करार १६ एप्रिलला संपणार होता आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याला मुदतवाढ मिळाली. इतरांच्या श्रेयाची नोंद ठेवणाऱ्यांचीच ही अवस्था असेल, तर स्थानिक पातळीवर नोंदवह्या सांभाळणाऱ्यांची काळजी कोण घेत असेल, हा विचार मनातून जात नाही.

एक्सझेड प्रकरण या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखे आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले, की लिनक्स या संगणक कार्यप्रणालीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या, फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा पेरलेला आहे. त्यांचे मूळ काम डेटाबेसचे. एसएसएच या, दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीद्वारे लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून ते तिथपर्यंत पोहोचले. त्यांचा गौरव झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण चोरदरवाजा पेरणाऱ्याला आत शिरायला वाट कशी मिळाली, याचा मागोवा घेतला की चित्र पालटते. हा प्रकल्प वर्षानुवर्षे लास कॉलिन हे जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. कामाला उशीर होतो आहे, दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा, असा तगादा अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लावला गेला आणि मदतीच्या मिषाने पुढे आलेल्या, ‘जिया टॅन’ असे नाव लावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती हळूहळू अधिकार गेले. ज्या कामासाठी आभाराचा शब्द क्वचितच कोणी काढत असेल, त्याच कामावर टीका करायला मात्र माणसे हजर होती. पुरस्काराने हे टळले असते असा दावा मी करणार नाही. पण एखाद्या प्रकल्पावर एकच माणूस किती वर्षे एकटा उभा आहे, हा प्रश्न कोणत्याही पुरस्काराच्या निवडपद्धतीत विचारला गेला असता, तर या प्रकल्पाकडे कोणाचे तरी लक्ष वेळेवर गेले असते.

स्थानिक पुरस्कारांचे अर्ज हाच प्रश्न कसा हुकवतात, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. समितीकडे आलेल्या नामांकनांत एका सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचारी बाईंचे नामांकन होते. अर्जात तीन ठळक रकाने होते: शोधलेल्या त्रुटींची संख्या, त्या त्रुटींचे शून्य ते दहा या मोजपट्टीवरील तीव्रता-गुण आणि मिळवलेली प्रमाणपत्रे. नामांकन करणाऱ्याने तिन्ही ठिकाणी ‘लागू नाही’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते आणि शेवटच्या ‘इतर माहिती’ या दोन ओळींच्या चौकटीतून मजकूर समासात चढला होता. त्या बाई आठवड्यातून एक संध्याकाळ वाचकांचे फोन घेऊन बसत. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून देणे, कोणाच्या तरी सांगण्यावरून बसवलेले, फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप काढून टाकणे, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला जुना नंबर बदलणे, आणि बँकेचा क्रमांक शोधयंत्रावर न शोधता कार्डाच्या मागून पाहून एका कागदावर लिहून देणे, असे ते काम होते. त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात कोणाचेही नाव नव्हते. कोणत्या तारखेला कोणती थाप सांगून फसवण्याचा प्रयत्न झाला, एवढेच होते. एकाच आठवड्यात बऱ्याच जणांना पार्सल अडकल्याचा एकसारखा संदेश आल्याचे त्या वहीवरून त्यांच्या लक्षात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या दारावर त्या संदेशाच्या नमुन्यासह सूचना लागली.

सुरक्षा क्षेत्रात ज्याला धोक्याची माहिती गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि वेळेवर इशारा देणे म्हणतात, ते यापेक्षा वेगळे काय असते? मोठ्या संस्था यासाठी स्वतंत्र विभाग ठेवतात. नियमांत बसत नाही म्हणून त्या वर्षी तो अर्ज बाजूला ठेवला गेला. माझा विरोध इतिवृत्तात आहे. पुढच्या वर्षी गटाने अर्ज बदलला, सीव्हीईच्या धर्तीवर कामाचे प्रकार नोंदवण्याची सोय केली आणि त्यांत शिकवणारा, इशारा देणारा, नोंदी ठेवणारा आणि अहवाल ऐकून घेणारा हे चार प्रकार वाढवले. नव्या अर्जावर आलेली नामांकने आधीच्यापेक्षा फार वेगळी होती. त्यांत शिक्षक होते, टपाल कर्मचारी होते, आणि एका छोट्या संस्थेच्या स्वागतकक्षात बसणारी एक तरुणी होती, जिने एका अनोळखी माणसाचा ‘तुमच्या संकेतस्थळावर काहीतरी गडबड आहे’ हा फोन न तोडता सगळे लिहून घेतले आणि ते तंत्रज्ञाच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. ऐकून घेणाऱ्याचा सन्मान व्हायला हवा, हे मी आग्रहाने सांगते. त्रुटी कळवण्याची साखळी बहुधा याच कडीपाशी तुटते, आणि ती धरून ठेवणाऱ्याला आपण सुरक्षेचे काम केले हे कोणी सांगतही नाही.

नामांकन कोणी करावे, याबाबत मला मुक्त समुदायांची पद्धत पसंत आहे. २००१ पासून वेब सुरक्षेसाठी काम करणारी ओवास्प ही ना-नफा संस्था जगभर स्थानिक शाखांच्या बळावर चालते. या शाखा स्वयंसेवक चालवतात आणि त्यांच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. आपल्या कार्यकर्त्यांचा ती ‘वास्पी’ या पुरस्काराने जो गौरव करते, त्यासाठी नावे समुदायातूनच येतात. याउलट ज्या वार्षिक सोहळ्यांत प्रवेशशुल्क भरून स्वतःच स्वतःचे नामांकन करावे लागते आणि प्रायोजकांची नावे विजेत्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत असतात, तिथे ग्रंथालयातल्या बाई पोहोचण्याची शक्यता जवळपास नाहीच. प्रायोजक घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. सभागृहाचे भाडे कोणीतरी द्यावेच लागते. मात्र प्रायोजकाचा प्रतिनिधी निवड समितीवर नसावा आणि प्रायोजकाची उत्पादने वापरणे हा कोणत्याही प्रकारे पात्रतेचा भाग नसावा, हे दोन नियम लेखी असायला हवेत.

मानपत्राच्या मजकुराकडे फारसे कोणी लक्ष देत नाही आणि नेमका तिथेच धोका असतो. अमुक रुग्णालयाच्या नोंदणी प्रणालीत पासवर्ड बदलण्याच्या पानावर त्रुटी शोधल्याबद्दल, असे वाक्य व्यासपीठावरून वाचले गेले आणि दुरुस्ती अजून अर्धीच झालेली असली, तर आयोजकांनी आपल्या हाताने हल्लेखोराला नकाशा दिला असे होते. दुरुस्तीची खातरजमा झाली आहे, संबंधित संस्थेची लेखी संमती आहे आणि फसवणूक झालेल्या कोणाचीही ओळख मजकुरातून पटत नाही, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय मानपत्र छपाईला जाऊ नये. शंका असेल तेव्हा काम कोणत्या प्रकारचे होते एवढेच लिहावे.

पुरस्कारात द्यायचे काय, याबाबतीत बहुतेक व्यवस्था फार कमी विचार करतात. सन्मानचिन्ह घरी जाते आणि काम तिथेच राहते. स्वयंसेवकाला पुढच्या वर्षी तेच काम करता यावे यासाठी त्याला काय लागेल, हे विचारून दिलेला पुरस्कार मला खरा वाटतो. कोणाला सर्व्हरचे वर्षाचे भाडे लागते, कोणाला प्रशिक्षणातील एक जागा, कोणाला कायदेतज्ज्ञाचा एक तास. कोणाला नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठांना दाखवता येईल असे एक नीट लिहिलेले पत्र पुरते, ज्यात या व्यक्तीने काय केले आणि त्याचा कोणाला उपयोग झाला हे साध्या भाषेत सांगितलेले असते. आमच्या गटात या पत्राची मागणी सन्मानचिन्हापेक्षा अधिक झाली. एकट्याने काम ओढणाऱ्याला दुसरा माणूस जोडून देणे हा त्याहूनही मोठा सन्मान आहे, पण तो देणे अवघड असते आणि त्यासाठी आयोजकांना समारंभानंतरही काम करावे लागते.

ज्या संस्थेकडे यांपैकी कशाचीच तयारी नाही, तिने सुरुवात कुठून करावी, असे मला कोणी विचारले तर मी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ या छोट्या फाइलकडे बोट दाखवीन. एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने तिची रचना ठरवून दिली आहे. संकेतस्थळाच्या ठरलेल्या जागी ठेवलेली ही साध्या मजकुराची फाइल त्रुटी कुठे कळवायची ते सांगते. संपर्काचा मार्ग आणि फाइलची मुदत संपण्याची तारीख या दोन ओळी तिच्यात सक्तीच्या आहेत. आणि एक ऐच्छिक ओळ अशी आहे, की जिच्यात मदत करणाऱ्यांचे आभार मानणाऱ्या पानाचा दुवा देता येतो. म्हणजे कृतज्ञतेसाठीची जागा त्या दस्तऐवजातच राखून ठेवलेली आहे आणि ती वापरायला खर्च जवळपास शून्य आहे. त्या पानावर नाव, महिना आणि कामाचा प्रकार एवढेच असावे, नाव संबंधिताच्या संमतीनेच लागावे, आणि कामाच्या प्रकारांची यादी सीव्हीईकडून घ्यावी, तिच्यात आपल्या गरजेचे प्रकार वाढवावेत. मुदत एक वर्षापेक्षा कमी ठेवावी अशी शिफारस त्याच दस्तऐवजात आहे, त्यामुळे वर्षातून एकदा तरी कोणालातरी ती फाइल उघडून संपर्काचा पत्ता अजून चालू आहे का, तिथे आलेले निरोप कोणी वाचते का, हे तपासावे लागते. ही जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी आणि त्या व्यक्तीची हरकत नसेल तर तिचे नाव आभाराच्या पानावर पहिल्या वर्षापासून लावावे.